कमी डायमध्ये धमन्यांचा सीटी : कोणती पद्धत कितपत कामाची?

धमन्यांच्या सीटी अँजिओग्राफीला, म्हणजे शिरेतून आयोडीनयुक्त डाय देऊन धमन्यांच्या प्रतिमा काढणाऱ्या तपासणीला, आमच्याकडे डाय किती कमी लागतो, हे सांगण्याची चढाओढ आज यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये आणि सीटी सेंटरांमध्येही लागलेली आहे. ड्युअल सोर्स, स्पेक्ट्रल, फोटॉन काउंटिंग अशी नावे जाहिरातींत झळकतात आणि रुग्णाचे नातेवाईकच काय, कधी कधी रुग्णाला पाठवणारे डॉक्टरही असे धरून चालतात की यंत्र जितके नवे तितका डाय कमी. हे अर्धेच खरे आहे. रोजच्या कामात या पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर बचतीचा सर्वांत मोठा वाटा क्ष-किरणांच्या ट्यूबचे व्होल्टेज उतरवण्यातून आणि इंजेक्शनचा हिशेब नीट मांडण्यातून येतो, आणि या दोन्ही गोष्टी तालुक्याच्या गावातल्या साध्या ६४ स्लाइसच्या (एका फेरीत ६४ काप घेणाऱ्या) यंत्रावरही करता येतात. महागडी यंत्रे त्यापुढे काय देतात आणि त्याची खरी गरज कोणाला असते, हे या परीक्षणात पाहायचे आहे.

मुळात डाय कमी करण्याचा खटाटोप कोणासाठी, हे आधी स्पष्ट असलेले बरे. शिरेतून दिलेल्या डायमुळे किडनीला धक्का बसण्याची भीती पूर्वी फार होती. ती आता बरीच ओसरली आहे. अमेरिकेतील रेडिऑलॉजी आणि किडनी या दोन्ही क्षेत्रांतील संस्थांनी २०२० साली मिळून काढलेल्या निवेदनात सलाइन देऊन काळजी घेण्याची मुख्य मर्यादा ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, जितका कमी तितकी किडनी दुबळी) ३० च्या खाली ठेवली आहे, आणि युरोपातील मार्गदर्शक सूचनाही शिरेतल्या इंजेक्शनसाठी तोच आकडा धरतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमासिंग या डच चाचणीत ईजीएफआर ३० ते ५९ असलेल्या रुग्णांना आधी सलाइन न देताही निकाल वाईट आले नाहीत. तरीही रक्तातले क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा पदार्थ) १.६ दिसले की सीटी नाकारणारी सेंटरे आहेत. तोच १.६ हा आकडा ५० वर्षांच्या पुरुषात ईजीएफआर सुमारे ५२ दाखवतो आणि ७५ वर्षांच्या स्त्रीत सुमारे ३३, त्यामुळे नुसत्या क्रिएटिनिनवर निर्णय घेणे योग्य नाही. कमी डायची पद्धत खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती ईजीएफआर ३० च्या आसपास किंवा खाली असलेल्यांना, चार दिवसांत सीटी आणि मग कॅथलॅबमधली, धमनीत नळी घालून केलेली अँजिओग्राफी असे दोन्ही व्हायचे असलेल्यांना, आणि ज्यांच्या धमन्या वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात त्यांना. २०२२ च्या उन्हाळ्यात, शांघायमधल्या टाळेबंदीमुळे तेथील मोठा कारखाना थांबून अमेरिकेसह अनेक ठिकाणी डायचा तुटवडा झाला, तेव्हा या यादीत सगळेच रुग्ण आले आणि पुस्तकात पडून असलेले कमी डायचे प्रोटोकॉल अनेक रुग्णालयांनी एकदम अंमलात आणले.

आता पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोलाची पद्धत. आयोडीनचा एक विशेष गुण असा की क्ष-किरणांची ऊर्जा ३३.२ केईव्हीच्या (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचे माप) जवळ येऊ लागली की ते किरण शोषण्याची त्याची ताकद झपाट्याने वाढते. नेहमीच्या १२० केव्हीऐवजी (किलोव्होल्टऐवजी) ट्यूब १०० किंवा ८० केव्हीवर चालवली, की किरणांची सरासरी ऊर्जा त्या आकड्याकडे सरकते आणि तेवढेच आयोडीन अधिक उजळ दिसते. १२० वरून ८० वर आल्यास ही उजळी दीडपटीहून अधिक होते. हिशेब सरळ आहे: ३५० तीव्रतेचा (मिलीमागे ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेला) ८० मिली डाय म्हणजे २८ ग्रॅम आयोडीन, ८० केव्हीवर तीच उजळी मिळवायला १७ ग्रॅमच्या आसपास आयोडीन पुरते, म्हणजे ५० मिलीहून कमी डाय. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा परवाना लागत नाही, आणि बहुतेक वेळा क्ष-किरणांचा डोसही उतरतो. महाधमनीच्या ताकायासू आजारासाठी हे विशेष महत्त्वाचे वाटते, कारण हा आजार आपल्याकडे तुलनेने अधिक आढळतो, तो प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो आणि त्यांच्या धमन्यांची तपासणी एकदा करून भागत नाही. अशी रुग्ण बहुधा सडपातळ असते आणि ८० केव्ही तिच्यासाठी जवळजवळ आदर्श ठरते. एवढे असूनही कित्येक सेंटरांत प्रत्येक अँजिओला डोळे मिटून १२० केव्ही का लावतात, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. यंत्र बसवताना इंजिनिअरने भरून दिलेला प्रोटोकॉल कोणी उघडून पाहिलेला नसतो, एवढेच त्याचे कारण असावे.

या पद्धतीची मर्यादा शरीराच्या आकारमानात आहे. कमी ऊर्जेचे किरण जाड शरीरातून पार होता होता अडतात, डिटेक्टरपर्यंत थोडेच पोहोचतात आणि प्रतिमा दाणेदार होते. त्यावर उपाय म्हणून ट्यूबचा करंट वाढवावा लागतो, पण जुन्या ट्यूबांना कमी केव्हीवर फार करंट देता येत नाही. म्हणून ९० किलोच्या, पोट सुटलेल्या रुग्णाची पोटातली महाधमनी अशा यंत्रावर ८० केव्हीने काढण्याचा हट्ट धरू नये. १०० केव्हीवर थांबावे आणि तेवढ्याच बचतीत समाधान मानावे. दुसरी अडचण कॅल्शियमची. व्होल्टेज उतरले की धमनीच्या भिंतीतले कॅल्शियम आणि स्टेंटची जाळीही अधिक उजळते, फुगून दिसते, आणि आतली वाट असते त्याहून अरुंद भासते. गळ्याच्या किंवा महाधमनीसारख्या मोठ्या धमनीत हे चालून जाते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन मिलिमीटरच्या कोरोनरीत, त्यातही स्टेंट असताना, चालत नाही.

डाय कमी करण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत हे निकामी स्कॅनचे सर्वांत मोठे कारण आहे, असे म्हणायला हरकत नाही. पहिला मार्ग इंजेक्शनचा वेळ कमी करण्याचा: दर तोच, सेकंदाला ५ मिली, पण १६ सेकंदांऐवजी ८ सेकंद. दुसरा मार्ग वेळ तेवढाच ठेवून दर सेकंदाला जाणारे आयोडीन कमी करण्याचा: दर उतरवून, किंवा दोन सिरिंजच्या इंजेक्टरवर डाय आणि सलाइन एकत्र सोडून. शेतात पाटाला पाणी सोडताना मोट किंवा मोटर थोडाच वेळ चालवली तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचण्याआधी धार आटते, तसे आखूड इंजेक्शनचे होते. छातीपासून जांघेपर्यंतची महाधमनी काढायला ६४ स्लाइसच्या यंत्राला आठ-दहा सेकंद लागतात. इंजेक्शन आठ सेकंदांचे असेल तर वरचा भाग झगझगीत आणि खालचा भाग फिका निघणार. शिवाय धमनीतली उजळी इंजेक्शन चालू असेपर्यंत चढत जाते, त्यामुळे आखूड इंजेक्शनची कमाल उजळीही कमीच राहते. म्हणून मंद यंत्रावर वेळ न तोडता डाय पातळ करावा आणि केव्ही उतरवावी. वेगवान यंत्रावर वेळ तोडता येतो, पण तिथेही केव्ही उतरवल्याशिवाय काम होत नाही. ३० ते ४० मिली सलाइनचा पाठलाग दोन्हीकडे हवाच, नाहीतर काखेच्या आणि छातीच्या शिरांत अडकलेला डाय फुकट जातो. सुई उजव्या कोपरात, शक्य तर १८ गेजची जाड, हे तर टेक्निशियनला सांगायलाही नको. पण कमी डायच्या स्कॅनमध्ये मनगटावरच्या निळ्या, बारीक व्हेनफ्लॉनने काम भागवण्याचा मोह अधिक महागात पडतो, कारण हुकलेल्या वेळेची भरपाई करायला शिल्लक डायच नसतो.

याच ठिकाणी एक बारीकशी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. इंजेक्शन सुरू झाल्यावर महाधमनीत एक छोटे वर्तुळ ठेवून दर सेकंदाला तिथली उजळी मोजली जाते आणि ठरावीक आकडा ओलांडला की स्कॅन आपोआप सुरू होतो. हा आकडा सहसा १०० ते १५० हौन्सफिल्डच्या (सीटीतली उजळी मोजण्याचे एकक) दरम्यान ठेवलेला असतो. टेक्निशियनने डाय निम्मा केला, स्कॅनची केव्ही ८० केली, पण ही पाळत ठेवणारी मालिका १२० केव्हीवर आणि मर्यादा १५० वर तशीच राहू दिली, तर पडद्यावरची रेषा ९० वर जाते, ११० वर रेंगाळते, १२५ ला टेकते आणि खाली वळते. तोपर्यंत शहाण्या टेक्निशियनचे बोट बटणावर गेलेले असते. नवखा मात्र रेषा पुन्हा चढेल म्हणून थांबतो, आणि स्कॅन होतो तेव्हा धमन्या विझलेल्या आणि शिरा भरलेल्या असतात. अशा वेळी पुन्हा डाय देऊन दुसरा स्कॅन केला की बचतीच्या दुप्पट डाय रुग्णाच्या अंगात जातो. टेस्ट बोलसच्या, म्हणजे आधी थोडासा डाय देऊन तो धमनीत कधी पोहोचतो ते पाहण्याच्या पद्धतीत हा धोका कमी, पण त्यात १० ते २० मिली डाय चाचणीतच खर्च होतो. एकूण बजेट ४० मिलीचे असताना ही उधळण परवडत नाही, फार तर पातळ केलेला टेस्ट बोलस वापरावा.

वेगवान यंत्रांमध्ये ड्युअल सोर्सचा क्रमांक वरचा लागतो. सीमेन्सने दोन ट्यूबांचे पहिले यंत्र २००५ साली आणले. त्या मालिकेतल्या सोमाटॉम फोर्सचे टेबल सेकंदाला ७३७ मिलिमीटर वेगाने सरकू शकते, म्हणजे छातीपासून जांघेपर्यंतचे अंतर एका सेकंदाच्या आत. त्याच यंत्राच्या ट्यूबा ७० ते ९० केव्हीवरही १३०० मिलिअँपिअरपर्यंत करंट देतात, आणि माझ्या दृष्टीने वेगापेक्षा हा गुण अधिक किमती आहे, कारण जाड रुग्णातही कमी केव्ही वापरण्याची मुभा यामुळेच मिळते. टावी, म्हणजे छाती न उघडता नळीतून महाधमनीची झडप बसवणे, करायच्या रुग्णात या यंत्राचे महत्त्व पटते. रुग्ण ऐंशीच्या घरात, किडनी थकलेली, आणि पाहायचे मात्र पुष्कळ: झडपेचे कडे ईसीजीच्या तालावर मोजायचे, कोरोनरीची तोंडे किती उंचीवर आहेत ते पाहायचे, आणि नळी जांघेतून वर नेता येईल का यासाठी संपूर्ण मार्ग तपासायचा. हे सगळे एका इंजेक्शनमध्ये, ४०-५० मिली डायमध्ये, अशा यंत्रावर बसते. साध्या यंत्रावरही टावीचा अभ्यास होतो, पण त्यात हृदय आणि उरलेला मार्ग या दोन टप्प्यांमधले सेकंद वाचवणे हे टेक्निशियनच्या हातावर अवलंबून राहते.

वेग सगळीकडे उपकारकच असतो असे मात्र नाही. पायाच्या धमन्या बंद पडत चाललेल्या, मधुमेही, विडी ओढणाऱ्या रुग्णात रक्त गुडघ्याखाली उतरायला वेळ लागतो, आणि टेबल डायच्या पुढे पळाले तर पोटरीतल्या धमन्या बंद नसतानाही बंद दिसतात. सर्जनने अशा प्रतिमेवर विसंबून बायपासचा निर्णय घेतला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून पायांच्या अँजिओत वेगवान यंत्रही मुद्दाम मंद चालवून साधारण ४० सेकंदांत खाली आणतात, आणि तिथे ड्युअल सोर्सच्या वेगाचा डाय वाचवायला काहीच फायदा नाही. पायांसाठी केव्ही उतरवणे पुरेसे असते. पाय बारीक असतात आणि ८० केव्हीला अजिबात कुरकुर करत नाहीत. रुंद डिटेक्टरची यंत्रे, म्हणजे तोशिबाने २००७ मध्ये आणलेले ३२० रांगांचे ॲक्विलियन वन किंवा जीईचे रेव्होल्यूशन, १६ सेंटिमीटरचा पट्टा टेबल न हलवता घेतात, त्यामुळे हृदय एका ठोक्यात मिळते आणि इंजेक्शन आखूड करता येते. कोरोनरीसाठी उत्तम, महाधमनीसाठी त्यांचा वेगळा असा लाभ फारसा जाणवत नाही.

स्पेक्ट्रल पद्धतीचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. यात दोन ऊर्जांवर माहिती घेऊन संगणक ४० किंवा ५० केईव्हीच्या एकाच ऊर्जेची प्रतिमा तयार करतो. ४० केईव्हीवर आयोडीनची उजळी ७० केईव्हीच्या, म्हणजे ढोबळमानाने नेहमीच्या १२० केव्हीच्या प्रतिमेच्या, सुमारे तिप्पट होते. ५० वर दुपटीच्या आसपास. कागदावर पाहता डाय एक तृतीयांश करता यावा. प्रत्यक्षात ४० केईव्हीची प्रतिमा अनेकदा इतकी दाणेदार असते की वाचताना मी तरी ५० किंवा ५५ वर जातो आणि निम्म्या डायवर समाधान मानतो. ही माहिती घेण्याच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत. जीईची यंत्रे ट्यूबचे व्होल्टेज क्षणाक्षणाला ८० आणि १४० मध्ये बदलतात. सीमेन्स दोन ट्यूबांना वेगवेगळे व्होल्टेज देते, पण दुसऱ्या डिटेक्टरचा घेरा लहान असल्याने धिप्पाड रुग्णाची कड स्पेक्ट्रल माहितीच्या बाहेर राहते. फिलिप्सच्या आयक्यूऑनमध्ये डिटेक्टरलाच दोन थर आहेत. पहिल्या दोन तऱ्हांत स्पेक्ट्रल स्कॅन करायचा हे आधी ठरवावे लागते. दोन थरांच्या डिटेक्टरवर नेहमीच्या १२० केव्हीच्या स्कॅनमध्येही ती माहिती आपसूक मिळते, आणि डाय वाचवण्याच्या संदर्भात मला हा तिसरा प्रकार सर्वांत व्यवहारी वाटतो. कारण उघड आहे: वेळ चुकली, धमन्या फिक्या आल्या, तरी रुग्ण टेबलावरून उतरून घरी गेल्यावरही त्याच माहितीतून ४५ केईव्हीची प्रतिमा काढून स्कॅन वाचवता येतो, आणि दुसऱ्या इंजेक्शनची वेळ येत नाही. पुन्हा न करावा लागलेला स्कॅन कोणत्याही माहितीपत्रकाच्या टक्केवारीत दिसत नाही, पण बचत तिथेही होत असते.

फोटॉन काउंटिंगबद्दल सध्या सर्वाधिक कुतूहल आहे, आणि ते अनाठायी नाही. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सीमेन्सच्या नायोटॉम अल्फामध्ये कॅडमियम टेल्युराइडचा डिटेक्टर प्रत्येक फोटॉन (क्ष-किरणाचा एकेक कण) वेगळा मोजतो. जुन्या डिटेक्टरमध्ये जास्त ऊर्जेच्या फोटॉनचा आवाज मोठा आणि कमी ऊर्जेच्या फोटॉनचा लहान असतो, त्यामुळे आयोडीनची खूण वाहून आणणारे कमी ऊर्जेचे फोटॉन दबले जातात. मोजणीच्या पद्धतीत त्यांना समान मान मिळतो, आणि ठरावीक ऊर्जेखालचा इलेक्ट्रॉनिक गोंधळ मोजलाच जात नाही. परिणामी कमी केईव्हीच्या प्रतिमा खरोखर वाचण्याजोग्या निघतात, आणि ०.२ मिलिमीटरच्या काप-जाडीमुळे कॅल्शियमभोवतीचा फुगवटाही कमी होतो. म्हणजे साध्या यंत्रावर कमी केव्हीची पद्धत जिथे अडते, त्या दोन्ही जागा, जाड शरीर आणि कॅल्शियमने भरलेल्या धमन्या, हे यंत्र बऱ्याच अंशी मोकळ्या करते. ज्या रुग्णालयात टावी, स्टेंट असलेल्या कोरोनरी आणि डायलिसिसच्या उंबरठ्यावरचे रुग्ण रोज येतात, तिथे एवढ्या किमतीचे समर्थन करता येते. सडपातळ रुग्णाच्या मेंदूच्या किंवा फुप्फुसाच्या धमन्यांसाठी मात्र एवढ्या यंत्राची आवश्यकता नाही.

प्रतिमा घडवण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यातच लिहितो. इटरेटिव्ह (पुन्हा पुन्हा हिशेब करून प्रतिमा सुधारण्याच्या) पद्धतीने आणि आता डीप लर्निंगने दाणे कमी होतात, आणि त्याशिवाय ७०-८० केव्हीचा पुरता लाभ घेता येत नाही; जुन्या यंत्राला हे सॉफ्टवेअर घेता येत असेल, तर नव्या यंत्राआधी तो खर्च करावा. फार गुळगुळीत केलेली प्रतिमा मात्र मेणासारखी दिसते आणि लहान धमनीची कड पुसट होते, तेव्हा पट्टी शेवटच्या टोकाला सरकवू नये. काही सेंटरे महाग डायलाच कमी डाय म्हणून सांगतात, तेही लक्षात घ्यावे: आयोडिक्सॅनॉल ३२० ची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) रक्ताइतकी, २९० च्या आसपास, असते आणि आयोहेक्सॉल ३५० ची ८४० च्या आसपास, म्हणून आयोडिक्सॅनॉलने अंगात गरम लाट कमी येते, पण त्यात आयोडीन फारसे कमी नसते.

शेवटी सेंटरांबद्दलची एक तक्रार. बहुतेक सीटी अँजिओच्या रिपोर्टमध्ये ‘नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्ट दिला’ एवढेच वाक्य असते. किती मिली, कोणत्या तीव्रतेचा, कोणत्या केव्हीवर आणि कोणत्या दराने, यातले काहीही लिहिलेले नसते. किडनीच्या रुग्णाला सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन लागतो, तेव्हा आधीच्या वेळी ४५ मिलीत उत्तम प्रतिमा आली होती की ९० मिली देऊनही फिकी आली होती, हे दुसऱ्या सेंटरच्या टेक्निशियनला कळण्याचा मार्ग नसतो आणि तो सुरक्षित बाजू म्हणून पुन्हा ८० मिली भरतो. म्हणून सेंटर निवडताना यंत्राचे नाव विचारण्याआधी मी त्यांचा एखादा जुना रिपोर्ट मागून त्यात ही ओळ आहे का ते पाहीन, आणि रुग्णाचे वजन व ईजीएफआर कळवल्यावर ते केव्ही बदलतात का, हे फोनवर टेक्निशियनलाच विचारेन.